नसलेल्या लीगच्या जर्स्या

आधीच सांगून टाकतो, मी डिझाईनचं शिक्षण वगैरे काही घेतलेलं नाही. बी.कॉम. केलं आणि नारायण पेठेत एका डीटीपीच्या (कॉम्प्युटरवर मजकूर-चित्रं मांडून देण्याच्या) दुकानात लग्नपत्रिका, मंडळाचे अहवाल, वाढदिवसाचे फ्लेक्स असलं सगळं करत बसलो, कोरेलड्रॉ हे डिझाईनचं सॉफ्टवेअर तिथंच शिकलो. मग २०२० चं लॉकडाऊन लागलं, लग्नं बंद, फ्लेक्स बंद, तेव्हा वेळ जाईना म्हणून एक खोटी फुटबॉल लीग काढली. पुणे जिल्ह्यातली आणि आसपासची १२ गावं, प्रत्येकाचा एक क्लब, त्याचा लोगो, होमची म्हणजे घरच्या मैदानावरची जर्सी, अवेची म्हणजे बाहेरगावी खेळायची जर्सी. एकही क्लब खरा नाही, पण त्या फोल्डरवर आज मला खऱ्या जर्स्यांची कामं मिळतात, म्हणून ज्यांना यात शिरायचंय त्यांच्यासाठी लिहितोय.

पहिल्या आठवड्यात मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. किल्ला, भगवा झेंडा, दोन तलवारी. जुन्नरला किल्ला, सासवडला किल्ला, भोरला किल्ला, चाकणला पण किल्ला. सगळे लोगो एका पानावर ठेवले तर एकाच मंडळाच्या १२ शाखा वाटत होत्या. तेव्हापासून सवय लावून घेतली की क्लब एकटा बघायचाच नाही, बाराच्या बारा शेजारी शेजारी नखाएवढे करून ठेवायचे आणि लांबून बघायचं, जो ओळखू येत नाही तो परत काढायचा.

मग प्रत्येक गावाबद्दल एकच प्रश्न विचारायला लागलो, की इथं असं काय आहे जे बाकीच्या अकरा गावांत नाही? जुन्नरला ऊस आणि उसात बिबटे, माणिकडोहला तर बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे, म्हणून उसाच्या पात्यांतून डोकावणारे दोन डोळे आणि दोन कान, बास, शिवनेरी बाजूला. नारायणगाव म्हटलं की लोक तमाशा आणि टोमॅटो म्हणतील, पण शेजारी खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० डिश, त्यातल्या काही तिथं आणि काही लांबवर पसरलेल्या. एक वाटी आणि खाली एक खांब, झाला लोगो, आणि शाळेतलं पोरगंही वहीत काढू शकेल इतका सोपा. दौंडला जंक्शन आहे म्हणून फुटणारे रूळ. कोलकात्यातले फुटबॉल क्लब बघा, मोहन बागानची शिडाची होडी आणि ईस्ट बंगालची मशाल, दोन्ही अंधारातून पण ओळखू येतात.

जेजुरीला विचारच करावा लागला नाही, भंडाऱ्याचा पिवळा. लोगोत मात्र आधी मी खंडोबा काढला होता, तो आजीला दाखवला तर ती म्हणाली, "अरे ही बनियनं घामात भिजणार, चिखलात लोळणार, मग मशीनमध्ये मोज्यांबरोबर फिरणार, देवाला कशाला त्यात ओढतोस?" दीपमाळ काढली, प्रश्न मिटला. महाराजांच्या चित्राचंही तेच, आणि तिथं तर कायदाही आहे, १९५० च्या बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्धच्या कायद्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे, केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरता येत नाही. तीन सिंहांच्या राजमुद्रेचाही वेगळा कायदा आहे, तिला हात लावू नका.

आता रंग. नवीन माणूस जर्सी म्हणजे फक्त वरचा शर्ट समजतो, मी पण समजायचो. ब्राझील १९५० चा वर्ल्डकप पांढऱ्या जर्सीत हरलं, मग १९५३ मध्ये एका वर्तमानपत्राने नव्या जर्सीची स्पर्धा ठेवली, अट अशी की झेंड्यातले चारही रंग आले पाहिजेत. आता चार रंग एका शर्टात कोंबले तर लेझीम पथकाचा ड्रेस होतो. आल्दिर गार्सिया श्ली नावाच्या १९ वर्षांच्या पोराने शर्ट पिवळा ठेवला, त्याला हिरवी कडा दिली, चड्डी निळी, मोजे पांढरे, आणि जिंकला. तीन कपडे आहेत, रंग वाटून द्या एवढंच. जुन्या युरोपियन ढालींचा एक नियमही कामाचा आहे, पांढरा आणि पिवळा एकावर एक ठेवायचे नाहीत, तसंच गडद रंगावर गडद रंग नाही. आमच्या दुकानात हे कोणी वाचलेलं नव्हतं पण पांढऱ्यावर पिवळं अक्षर दिलं की मालक ओरडायचे, म्हणजे नियम तोच.

१२ टीम म्हणजे एकमेकांशी ६६ जोड्या होतात. फुटबॉलच्या नियमांतला चौथा नियम सांगतो की दोन्ही टीमचे रंग एकमेकांपासून आणि रेफरीपासून वेगळे दिसले पाहिजेत, आणि गोलकीपर तर सगळ्यांपासून वेगळा. मी एक्सेलमध्ये ६६ खाने केले आणि एकेक जोडी तपासली, कंटाळा येतो पण करा. माझी सगळ्यात मोठी चूक तिथंच सापडली, म्हणजे मला नाही, मामाला. जुन्नर उसाचं हिरवं, नारायणगाव टोमॅटोचं लाल, शेजारी गावं, भारी डर्बी म्हणजे शेजाऱ्यांची चुरस, मी खूश. मामाला दाखवलं तर तो म्हणतो, "दोन्ही टीमना एकच जर्सी का रे दिलीस?" त्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, युरोपात तर साधारण दर १२ पुरुषांमागे एकाला असं कमीजास्त असतं. चित्र ब्लॅक अँड व्हाईट केलं तर खरंच दोन्ही सारखेच राखाडी. नारायणगावला पांढरा शर्ट आणि लाल चड्डी देऊन टाकली. आणि राखाडीवरून आठवलं, १९९६ मध्ये मँचेस्टर युनायटेड साऊथहॅम्प्टनला राखाडी जर्सीत खेळलं, हाफटाईमला ३-० ने मागे, तर त्यांचे मॅनेजर फर्ग्युसन यांनी तेव्हाच अख्ख्या टीमची जर्सी बदलली, कारण काय तर आपलीच माणसं गर्दीत दिसत नाहीत. तरी ३-१ ने हरले म्हणा.

मराठी अक्षरांचं दुखणं वेगळंच आहे. गोल लोगोत नाव गोलाकार फिरवलं की शिरोरेषा तुटते, वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. यावर मला तरी शॉर्टकट सापडलेला नाही, नाव सरळ पट्टीत लिहा नाहीतर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, एकेक अक्षर हाताने जोडा. फॉन्ट युनिकोडचे वापरा, मुक्त आणि बलू फुकट मिळतात, दौंडसाठी मी यात्रा वन घेतला, तो मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून केलाय. सॉफ्टवेअर म्हणाल तर शिकायला इंकस्केप फुकट आहे, पण पुण्यात प्रेसवाल्याकडे गेलात की तो कोरेलचीच फाईल मागणार, आणि देण्याआधी अक्षरं कर्व्ह करा नाहीतर त्याच्या मशीनवर तुमच्या क्लबचं नाव चौकोन चौकोन दिसेल.

खरं शिक्षण छपाईत होतं. सब्लिमेशन म्हणजे कागदावर उलटं छापून साधारण २०० डिग्रीला पॉलिस्टरवर दाबतात, कॉटनवर ते टिकत नाही, आणि त्यात पांढरी शाई नसते, पांढरा म्हणजे कोरं कापड, म्हणून काळ्या कापडावर पांढरा लोगो मागू नका. स्क्रीनवरचा चमकता निऑन छापून आला की शेवाळी होतो, आधी एक बाही छापून बघा. एम्ब्रॉयडरीवाल्या काकांनी माझ्या बिबट्याच्या मिशा बघून सांगितलं, "बाळा, एवढं बारीक दोऱ्यात नाही बसायचं," मिशा गेल्या, बिबट्या उलट बरा दिसायला लागला. आणि पट्ट्यांच्या जर्सीवर पाठीला नंबरासाठी साधा चौकोन सोडा.

पहिलं पैशाचं काम कोथरूडच्या एका सोसायटीच्या टीमचं, १८ जर्स्या. लोगो डाव्या छातीवर, असं मी फाईलवर लिहिलं आणि स्वतःच स्क्रीनवर डावीकडे ठेवला. स्क्रीनवरची डावी बाजू म्हणजे घालणाऱ्याची उजवी. अठराच्या अठरा उजव्या छातीवर लोगो घेऊन आल्या, पैसे मी भरले, आता प्रत्येक फाईलमध्ये पुढच्या भागावर मोठ्या अक्षरात "हृदय इथे" लिहितो, प्रेसवाले हसतात, हसू देत.

लीग अजून पूर्ण नाहीये. सासवडचं घोडं अडलंय, पुरंदरचं अंजीर प्रसिद्ध म्हणून लोगोत अंजीर घेतलं, आणि चाकणला कांद्याचा बाजार म्हणून तिथं कांदा. नखाएवढं केलं की दोन्ही एकच. अंजीर चिरून आतल्या बिया दाखवल्या, देठ लांब केला, रंग जांभळा केला. काल आईला दाखवलं. "कांदा मस्त काढलायस," म्हणाली.