हौदातल्या तीन रेघा: घरातले नळ, पाइप, टाक्या कधी आणि कशा बघायच्या

आमच्या हौदाचं लोखंडी झाकण उचलून आत वाकलं की उजव्या भिंतीवर ऑइलपेंटच्या तीन लाल रेघा दिसतात. वरची भरल्या हौदाची, मधली निम्म्याची आणि खालची ‘आता टँकरवाल्याला फोन करा’ची. या रेघा २०१६च्या उन्हाळ्यात मारल्या. त्याआधी हौदात किती पाणी आहे हे आम्ही अंदाजानंच सांगायचो.

लातूरकरांना त्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायला नको. धनेगावचं मांजरा धरण आटलेलं, पाण्यावरून मारामाऱ्या नकोत म्हणून मार्चात पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागलेली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. अख्खं गाव त्या रेल्वेबद्दल बोलत होतं आणि आमच्या घरात विकत घेतलेलं टँकरचं पाणी गुपचूप जमिनीत मुरत होतं. मी म्हणायचे, “टँकरवाला कमी पाणी टाकतो.” आमचे हे म्हणायचे, “तू भांड्याला पाणी लई सोडतेस.” दोन महिने घरात यावरून धुसफूस. शेवटी शेजारी कामाला आलेल्या नळवाल्या मामांना हाक मारली. त्यांनी पाना हातात घ्यायच्या आधी एकच विचारलं, “ताई, पाणी मोजून बघितलं का?”

नव्हतं बघितलं.

आमचे हे एसटीत होते, वर्कशॉपला. गाडी डेपोतून निघायच्या आधी तेल, पाणी, ब्रेक, हवा बघितल्याशिवाय ते सोडायचे नाहीत. घर बांधून अकरा वर्षं झाली होती आणि हौदात एकदाही डोकावले नव्हते. हे मी त्यांना अजून ऐकवते.

तर हौदापासूनच सुरू करा. नळाला रोज पाणी येणाऱ्या गावात लोक आधी तोट्या बघत असतील. आमच्याकडे पाणी आठ दिवसांनी येतं, कधी दहा. त्यामुळं जे काही आहे ते साठवलेलं, आणि साठवण फुटकी असेल तर बाकीच्या काटकसरीला अर्थ नाही.

मोजायची पद्धत अशी. पाण्याची पाळी येऊन गेली की दुसऱ्या दिवशी वरची टाकी भरून घ्यायची आणि मोटारीचं बटण बंद करून त्यावर चिकटपट्टी लावायची, म्हणजे घरातलं कुणी सवयीनं चालू करणार नाही. हौदात येणारा नळाचा कॉक बंद. मग एक कोरडी काठी सरळ तळाला टेकवायची आणि भिजलेल्या जागी खडूनं नाही, पेननं खूण करायची. खडू ओल्या काठीवर टिकत नाही. सकाळी सातला मोजलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच परत मोजायचं, त्याच कोपऱ्यात, कारण तळाला उतार असतो. झाकण लावलेल्या हौदातून चोवीस तासांत नजरेत भरेल एवढी वाफ होत नाही. खूण खाली आली तर पाणी कुठंतरी जातंय.

आमची काठी दीड इंच कमी दाखवत होती. मला वाटलं, दीड इंच म्हणजे काय, दोन बोटं. मामांनी हिशेब घातला. हौद आतून आठ फूट बाय सहा फूट, म्हणजे एक इंच पाण्याचे चार घनफूट, साधारण ११३ लिटर. दीड इंचाचे १७० लिटर. रोज १७० तर महिन्याला पाच हजार. त्या उन्हाळ्यात पाच हजार लिटरचा एक टँकर म्हणजे काय, हे ज्यानं रांगेत उभं राहून घेतला त्यालाच ठाऊक. आम्ही महिन्याला एक टँकर काळ्या मातीला पाजत होतो.

फट कुठं आहे हे शोधायची मामांची युक्ती मला फार आवडली. त्यांनी हौद खाली करायला लावलाच नाही. “पाणी जाऊ द्या,” म्हणाले, “जिथं जायचं थांबेल तिथं भोक.” तीन दिवस टाकीच्या पाण्यावर काढले. तळापासून दोन फुटांवर पातळी येऊन थांबली ती हललीच नाही. बरोबर त्या उंचीला भिंतीवर आडवी केसाएवढी रेघ होती. बांधताना गुत्तेदारानं एक दिवस तिथपर्यंत काँक्रीट टाकलं होतं आणि पुढचं नंतर, तो जोड नीट बसला नव्हता. रेघ छिन्नीनं इंचभर खोल फोडली, वॉटरप्रूफिंगचा मसाला भरला, आतून गिलावा केला. पाणी पार तळापर्यंत जात राहिलं असतं तर तळ आणि भिंतीचा कोपरा बघावा लागला असता. तोही बऱ्याच घरांत फुटतो, कारण आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आक्रसते. तिच्यात बसवलेलं काहीच वर्षानुवर्षं जागेवर राहत नाही.

उलटंही होतं. श्रावणात नळाला पाणी आलेलं नसताना हौदाची पातळी वाढली तर खूश होऊ नका. बाहेरचं पाणी आत येतंय, आणि बाहेर गटार असेल तर तेही येतंय. असं पाणी उकळून प्यायचं म्हणून चालवून घ्यायचं नाही. हौद उपसायचा, फट बुजवायची, धुवायचा आणि मगच भरायचा.

पाणी येतं त्या दिवशी

गल्लीतल्या मुख्य लाइनपासून आपल्या घरापर्यंत येणारा पाइप आपल्या मालकीचा असतो, आणि बहुतेक जण त्याच्याकडे कधी बघतच नाहीत. आमच्या गल्लीत निम्म्या घरांचे पाइप उघड्या गटारातून जातात. पाणी चालू असतं तेव्हा आत दाब असतो, त्यामुळं बारीक छिद्रातून पाणी बाहेर उडतं, कुणाचं काही बिघडत नाही. पाणी बंद झालं की रिकामा होणारा पाइप बाहेरचं आत ओढतो. आठ दिवसांत गटाराचं जे आत गेलं ते पुढच्या पाळीच्या पहिल्या धारेबरोबर हौदात पडतं. लाइनीला थेट मोटार लावून पाणी खेचणाऱ्यांच्या घरात तर ते जास्तच जातं. एक तर ते बेकायदा, वर स्वतःच्याच पाइपातून गटार ओढून घ्यायचं.

म्हणून पाणी आलं की आधी दोन मिनिटं गटाराशी उभं राहा. साचलेल्या गटारात पाइपाच्या वर बुडबुडे येत असतील किंवा तिथलंच पाणी हलत असेल, तर पाइप फुटलेला आहे. पाणी येरवाळी चारला येत असेल तर बॅटरी घेऊन बघा, तिच्या उजेडात ते आणखी चांगलं दिसतं. पहिली पाच मिनिटं पाणी हौदात न सोडता बादलीत घ्या, वास घ्या, तळाला काय बसतंय ते बघा. ती बादली अंगणाला, झाडांना जाते, वाया जात नाही. पाइप बदलताना गटारावरून उंच न्यावा. तसं जमत नसेल तर निदान मोठ्या पाइपात घालून न्यावा आणि गटाराच्या आत जोड एकही ठेवू नये. मुख्य लाइनच फुटली असेल तर महापालिकेच्या पाणीपुरवठ्याकडे लेखी द्यायचं, फोटो काढून. तोंडी सांगितलेलं विरून जातं.

घरातल्या घरात

रात्री सगळे झोपले की घर ऐका. संडासाच्या फ्लशच्या टाकीतून सूं असा बारीक आवाज येत असेल तर पाणी भांड्यात गळतंय. आवाज नसेल तरी खात्री करायची: फ्लशच्या टाकीत चमचाभर नीळ टाका, कपड्याची नीळ, आणि अर्धा तास कुणी वापरू नका. भांड्यात निळं उतरलं तर आतलं रबर गेलं. रबर घरी बदलता येतं, फक्त नेताना जुनं रबर दुकानात घेऊन जा, मापं वेगळी असतात.

गळक्या तोटीखाली तांब्या ठेवून घड्याळ लावा. आमच्या मोरीतली तोटी तासाला एक लिटर गळत होती. दिवसाला चोवीस, आठ दिवसांच्या पाळीला १९२. म्हणजे एका पाळीपासून दुसरीपर्यंत जवळजवळ दोनशे लिटर एका वायसरपायी. हे गणित मी सुनेला सांगितलं तेव्हापासून ती तोटी घट्ट पिरगाळत नाही, लगेच सांगते. पिरगाळून गळती थांबते खरी, पण आत वायसर आणखी चिरडतं.

बोअरचं पाणी वापरत असाल तर हे लक्षात ठेवा. आपल्याकडचं खडकातलं पाणी जड, त्याचे क्षार बसतात. शॉवरची भोकं, तोटीच्या तोंडाची जाळी आणि गीझरची कॉइल यांच्यावर पांढरा थर येतो. शॉवर आणि जाळी काढून रात्रभर पांढऱ्या व्हिनेगारात बुडवली की मोकळी होते. गीझर मात्र स्वतः उघडू नका. पाणी तापायला आधीपेक्षा वेळ लागायला लागला, आतून तडतड आवाज आला, की समजायचं थर जाड झालाय. वर्षातून एकदा माणसाकडून साफ करून घ्यायचा आणि त्याच वेळी अर्थिंग बघायला लावायचं.

क्षारांचा आणखी एक खोडसाळपणा असा की अँगल कॉक जागीच धरतात. फ्लशखाली, बेसिनखाली, गीझरखाली ते छोटे कॉक असतात ना, ते आपण वर्षानुवर्षं फिरवत नाही. आणि ज्या दिवशी नळी फुटून घरात पाणी होतं, त्याच दिवशी तो कॉक फिरत नाही. आमच्या नणंदेच्या घरी पाहुणे जेवायला बसलेले असताना असं झालं. बेसिनखालची नळी सुटली, कॉक हलेना, शेवटी गच्चीवर जाऊन टाकीचाच कॉक बंद करावा लागला. तोवर दोन खोल्या भिजल्या. दर तीन महिन्यांनी सगळे अँगल कॉक एकदा बंद करून उघडायचे, बस. आणि टाकीचा कॉक कुठला कुठल्या बाजूला जातो हे घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे, पोरांनासुद्धा.

मृगाच्या आधी

वर्षातून एकदा मामांना बोलवायचं ते मे महिन्यात, मृगाच्या आधी. कारण भर उन्हाळ्यात भिंतीला ओल दिसली तर ती पावसाची नसते, पाइपाचीच असते. हीच ओल जुलैत दिसली की गच्चीचं आणि पाइपाचं भांडण सुटत नाही. गच्चीला पैसे घालून बसतो आणि पुढच्या उन्हाळ्यात ओल परत. संशय असेल तर सगळी तोंडं बंद करून हातपंपानं पाइपात दाब भरतात आणि काटा बघतात. काटा उतरला तर गळती आहे. फरशी फोडायची भाषा कुणी केली तर आधी ही चाचणी करायला लावा.

याच फेरीत गच्चीवरचे पाइप बघून होतात. आपल्या उन्हानं प्लास्टिकचे उघडे पाइप ठिसूळ होतात, हात लावला तरी तडा जातो. रंगाचा हात दिला तर जास्त टिकतात. टाकीचा बॉल कॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा तरंगता गोळा, हातानं वर उचलून बघायचा, धार पूर्ण थांबली पाहिजे. गच्चीचं पाणी जायचं भोक मोकळं आहे का, चेंबरचं झाकण उचललं की आत पाणी तुंबलंय का, हे बघायला पाच मिनिटं लागतात. वापरात नसलेल्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या पाणी साचून राहणाऱ्या खोलगट भांड्यात, आठवड्याला तांब्याभर पाणी ओतायचं. तिथलं पाणी सुकलं की घरात वास आणि झुरळं येतात. लोक फिनेल ओतत बसतात, पाहिजे असतं साधं पाणी.

मामांना “सगळं बघा” असं कधीच सांगत नाही. सगळं बघा म्हटलं की कुणीच काही बघत नाही. माझ्याकडे शाळेची दोनशे पानी वही आहे. काठीचं माप, कुठली तोटी कधी गळली, फ्लशचं रबर कधी बदललं, मोटार पाणी कधी सोडायला लागली, सगळं तारखेनं. मोटार सुरू केल्यावर वर पाणी चढायला वेळ लागतो, दर वेळी पाइपात पाणी ओतून घ्यावं लागतं, तर हौदातला फूट वॉल्व्ह, म्हणजे मोटारीच्या पाइपाच्या खालच्या टोकाची पाणी परत जाऊ न देणारी झडप, गेलेला असतो. हे वहीत असलं की मामा येताना वॉल्व्ह घेऊनच येतात, दोन चकरा वाचतात. धाकट्यानं वरचा मजला बांधला तेव्हा गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून पाइपांचे फोटो काढून घेतले. ते फोटोही छापून वहीत चिकटवलेत, कारण मोबाइल बदलतात.

यंदा मामा आले तेव्हा काठी खुणेवरच होती. फक्त फूट वॉल्व्ह बदलला. त्याची तारीख त्यांनी मोटारीच्या वरच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहिली, आधीच्या दोन तारखांच्या खाली. चहा पिताना हे मामांना म्हणाले, “आमच्या घरात पाणी हिच्यामुळं टिकतं.” २०१६च्या भांड्यांच्या बोलण्याची मी त्यांना लगेच आठवण करून दिली.