अतिउच्च तापमानाचे सिरॅमिक संमिश्र कसे निवडावे आणि कसे तपासावे

अतिउच्च तापमानाच्या सिरॅमिकांपैकी हाफ्नियम कार्बाइड सुमारे ३९०० अंश सेल्सिअसला वितळते आणि झिर्कोनियम डायबोराइड सुमारे ३२४५ अंशांना. एवढ्यावरून पहिले सरस ठरवणे ही निवडीतली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. कारण हवेत तापलेल्या भागाच्या पृष्ठभागावर थोड्याच वेळात मूळ पदार्थ उरत नाही, त्याचा ऑक्साइड उरतो आणि पुढचा सारा मार तोच सोसतो. कार्बाइडमधला कार्बन तर वायू होऊन बाहेर पडताना हा ऑक्साइड सच्छिद्र करून जातो. म्हणून पदार्थावर कोणता थर जमतो आणि तो कुठवर टिकतो, हे आधी पाहावे.

झिर्कोनियम डायबोराइडपासून घन झिर्कोनिया (झिर्कोनियमचा ऑक्साइड) आणि द्रव बोरॉन ऑक्साइड तयार होतात. झिर्कोनियातली छिद्रे हा द्रव बुजवतो, पण सुमारे ११०० अंशांपुढे तो झपाट्याने उडून जाऊ लागतो आणि ऑक्सिजनला आत जायला वाट मिळते. यासाठीच घनफळाच्या २० ते ३० टक्के सिलिकॉन कार्बाइड मिसळतात. त्यापासून होणारी सिलिका (सिलिकॉनचा ऑक्साइड) बोरॉन ऑक्साइडशी एकजीव होऊन बोरोसिलिकेट काच बनते आणि ही घट्टसर काच भेगांत उतरून सुमारे १६०० अंशांपर्यंत चांगले संरक्षण देते. त्यापुढे मात्र सिलिकाही उडू लागते, आणि थराखाली जिथे ऑक्सिजन अपुरा पोहोचतो तिथे सिलिकॉन कार्बाइडची काच न होता सिलिकॉन मोनॉक्साइड वायू होतो व मागे पोकळ पट्टा राहतो. त्यामुळे भाग २००० अंशांच्या आसपास वापरायचा असेल, तर सिलिकॉन कार्बाइड जितके जास्त तितके चांगले असे समजू नये. तिथे भरवसा सुमारे २७०० अंशांना वितळणाऱ्या झिर्कोनियाच्या सांगाड्यावर ठेवावा लागतो.

वेगवान वायुप्रवाहात काच आणि सांगाडा या दोघांची सोबत विशेष महत्त्वाची ठरते: प्रवाह मऊ काच खरवडून नेऊ पाहतो, सांगाडा तिला धरून ठेवतो आणि काच सांगाड्याच्या भेगा बुजवते. भाग पुन्हापुन्हा तापून थंड होणार असेल, तर झिर्कोनियाची स्फटिकरचना थंड होताना बदलते आणि घनफळ ४ ते ५ टक्के वाढून थर सुटतो, हे लक्षात घ्यावे. हाफ्नियम डायबोराइडवर जमणाऱ्या हाफ्नियात (हाफ्नियमच्या ऑक्साइडात) हा बदल बऱ्याच वरच्या तापमानाला होतो. पण हाफ्नियम डायबोराइडची घनता घन सेंटिमीटरला सुमारे ११ ग्रॅम आहे आणि झिर्कोनियम डायबोराइडची सुमारे ६ ग्रॅम, तेव्हा वजनाचा हिशेब आधी मांडावा. संमिश्रात घातलेल्या कार्बन तंतूंनी भेगा पसरण्याला आळा बसतो. मात्र हे तंतू हवेत ५०० अंशांच्या आसपासच जळू लागत असल्याने त्यांची टोके उघडी ठेवू नयेत.

चाचणी बहुधा ऑक्सिॲसिटिलीनच्या ज्योतीखाली घेतात आणि दर सेकंदाला घटलेले वजन व जाडी मोजतात. हे आकडे एकटे वाचू नयेत. ऑक्सिजन जोडला गेल्याने वजन वाढते आणि ऑक्साइड उडाल्याने घटते. दोन्ही एकमेकांना झाकतात, तेव्हा शून्याजवळचा आकडा देणारा नमुना आतून पोखरलेला असू शकतो.

म्हणून नमुना कापून पाहणे टाळू नये. आधी तो इपॉक्सीत (घट्ट होणाऱ्या राळेत) बसवावा, म्हणजे ठिसूळ थर गळून पडणार नाही. आणि कापताना व घासताना पाणी मुळीच वापरू नये, कारण बोरॉन ऑक्साइड पाण्यात विरघळते आणि जिथे काच होती तिथे रिकामी छिद्रे दिसून निष्कर्षच चुकतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात, नमुन्यावरून मागे विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या चित्रात काच गडद, झिर्कोनिया उजळ आणि त्याखालचा पोकळ पट्टा काळ्या छिद्रांनी भरलेला दिसतो. प्रत्येक थराची जाडी अनेक ठिकाणी मोजावी. काच पातळ आणि पोकळ पट्टा जाड निघाला, तर सिलिकॉन कार्बाइडचे प्रमाण कमी करून व त्याचे कण अधिक बारीक घेऊन नवा नमुना त्याच ज्योतीखाली, तितकाच वेळ धरावा.