मेलबर्नला लेकीकडे जाताना बॅग कशी भरावी

भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियाला जायचं तर निघण्याआधी व्हिसा मंजूर झालेला हवा. आईवडील बहुधा 600 क्रमांकाचा व्हिजिटर व्हिसा काढतात. मंजुरीचं पत्र ईमेलने येतं. ते छापून घ्या आणि त्यातल्या अटी वाचा. 8503 ही अट असेल तर तिथे गेल्यावर मुक्काम सहसा वाढवून मिळत नाही.

मग बॅग. सगळा खाऊ आधी सतरंजीवर मांडा आणि घरी राहणारं बाजूला काढा. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, तुळशीचं रोप, आंब्याची पेटी, यातलं काहीच नको. पेढे-बर्फीही नको. गुरांचा लाळ्या-खुरकूत रोग ऑस्ट्रेलियात नाही, तो दुधा-मांसाच्या पदार्थांतून शिरू नये म्हणून ही बंदी आहे. कच्चे तांदूळ, तूरडाळ, हरभरे, शेंगदाणे, अख्खे जिरे-धणे, सुक्या मिरच्या हेही ठेवून द्या, कारण त्यांतून खापरा हा धान्यात पडणारा किडा जाऊ शकतो. हे सगळं तिथल्या भारतीय दुकानांत मिळतं, त्यामुळे जीव अडकवू नका. चपला-बुटांना शेतातली माती असेल तर धुऊन वाळवा.

उरलेला खाऊ एकाच बॅगेत, शक्यतो कंपनीच्या बंद पाकिटांत भरा आणि त्याची यादी इंग्रजीत लिहून हातातल्या पिशवीत ठेवा. औषधं तीन महिन्यांपुरतीच, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह घ्या. काढा, चूर्ण असेल तर तेही यादीत हवं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑस्ट्रेलियात शिरताना प्रवासी कार्ड भरून सही करायची असते. खाण्याच्या वस्तूंच्या प्रश्नावर बरीच वडीलधारी माणसं घाबरून ‘नो’वर खूण करतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण धोका नेमका तिथेच आहे. ‘येस’ म्हणून सगळं खरं सांगितलं तर एखादी वस्तू काढून घेतील, पण दंड होत नाही. लपवलेलं सापडलं तर मोठा दंड होतो, व्हिसाही रद्द होऊ शकतो. शंका आली तरी ‘येस’च. मुलांनो, हे आईबाबांना निघण्याआधी फोनवर दोनदा समजावा.

10,000 ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा त्याहून जास्त रोख रक्कम असेल तर तीही जाहीर करावी लागते. इतर चलनांतली रोकड त्यातच धरायची. मोठ्या माणसाला भेटवस्तू वगैरे 900 डॉलरपर्यंत करमुक्त नेता येतात. अधिकाऱ्याने बॅग उघडायला सांगितली तर यादी पुढे करा आणि एकेक पाकीट दाखवा.