परताव्याचे दोन तास: स्टीमवर घेतलेला गेम पारखून घ्यायचा कसा

अर्धाकच्चा गेम पूर्ण किमतीला विकायचा आणि पुढचे सहा महिने पॅच, म्हणजे दुरुस्त्या, देत बसायचं, ही मोठ्या कंपन्यांची आता रीतच झाली आहे. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' आला, तेव्हा जुन्या कन्सोलवर त्याची दशा इतकी वाईट होती की सोनीने आठवडाभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. तो परत यायला जून २०२१ उजाडला. अशा वेळी पीसीवर खेळणाऱ्याच्या हाती एक खरं हत्यार असतं, ते म्हणजे पीसी गेमच्या स्टीम या ऑनलाइन दुकानाचा परतावा. खरेदीला १४ दिवस झालेले नसतील आणि गेम दोन तासांहून कमी खेळला असेल, तर आवडला नाही एवढं कारणही पुरतं. मात्र हे दोन तास खातं उघडण्यात आणि सुरुवातीचे लांबलचक प्रसंग बघण्यात वाया जातात. ते तपासणीसाठीच राखून ठेवा.

पैसे भरण्याआधी

डिजिटल मालाचा साठा कधी संपत नाही, त्यामुळे आगाऊ नोंदणी करण्यात ग्राहकाचा काहीच फायदा नाही. केली असेल तर गेम येईपर्यंत ती केव्हाही रद्द करता येते. 'तीन दिवस आधी खेळा' म्हणत विकल्या जाणाऱ्या महागड्या आवृत्तीपासून मात्र सावध राहा. एप्रिल २०२४ पासून ते आधीचे तासही दोन तासांत धरले जातात.

गेमच्या पानावर उजवीकडची चौकट पूर्ण वाचा. दुसऱ्या कंपनीचं खातं लागणार आहे का, नक्कल रोखणारं डेनुवोसारखं कुलूप आहे का, गेमच्या आत खरेदी आहे का, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. खातं लागणार असेल तर ते आदल्या दिवशीच उघडून ईमेल पडताळून ठेवा. त्या कंपनीचा लाँचर (गेमआधी उघडणारा तिचा स्वतःचा प्रोग्राम) उघडा असतानाही स्टीमचं घड्याळ चालूच राहतं.

अभिप्राय वाचताना एकूण टक्केवारीवर जाऊ नका. 'अलीकडचे' अभिप्राय बघा आणि खेळलेल्या तासांची चाळणी लावून निदान दहा तास खेळलेल्यांचं म्हणणं वाचा.

यंत्रणेच्या गरजांचा तक्ता हल्ली फार फसवा झाला आहे. 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स'च्या शिफारस केलेल्या यंत्रणेत १०८०पी (फुल एचडी) आणि सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, असा आकडा दिला होता, पण तो फ्रेम जनरेशन चालू धरून. फ्रेम जनरेशन म्हणजे दोन खऱ्या फ्रेमच्या मधे ग्राफिक्स कार्डाने स्वतः रचून घातलेली एक फ्रेम. चित्र गुळगुळीत दिसतं, पण बटण दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेमच्याच वेगाचा असतो, वर थोडा उशीरच होतो. म्हणजे पडद्यावरचे ६० हातांना ३० सारखे जाणवतात. तक्त्याखालच्या बारीक अक्षरांत 'अपस्केलिंग' (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणं) किंवा 'फ्रेम जनरेशन' हे शब्द दिसले, तर एक पायरी वरचं कार्ड लागेल असंच धरून चाला.

डाउनलोडचा वेळ दोन तासांत मोजत नाहीत, पण १४ दिवस खरेदीपासूनच सरू लागतात. १०० जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या जोडणीवर उतरायला साडेपाच तास लागतात. दिवसाला २ जीबीच्या मोबाइल डेटावर त्याला ५० दिवस लागतील, म्हणजे परताव्याची मुदत केव्हाच उलटून गेलेली असेल. डिस्कवर गेमच्या आकाराहून बरीच जास्त जागा मोकळी ठेवा. पॅच येतो तेव्हा स्टीम बदललेल्या फायली आधी नव्याने बांधतं आणि मग जुन्या काढतं. म्हणूनच २ जीबीच्या पॅचलाही कधी ५० जीबी जागा लागते.

पहिली वीस मिनिटं

ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, गेम उघडण्याआधीच अद्ययावत करा. नंतर केलात तर शेडर पुन्हा तयार होतात आणि तेवढी मिनिटं हकनाक जातात. शेडर म्हणजे प्रकाश, पाणी, धूर कसा रंगवायचा हे कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम. प्रत्येक कार्ड आणि ड्रायव्हरच्या जोडीसाठी ते वेगळे घडवावे लागतात. काही गेम हे काम सुरुवातीला मेनूवरच उरकतात. ती पट्टी पूर्ण होऊ द्या. घाईने पुढे गेलात तर तेच काम ऐन लढाईत होतं आणि गेम अडखळतो. जुन्या चार कोअरच्या प्रोसेसरवर यात अर्धा तासही जाऊ शकतो. त्या वेळेची नोंद ठेवा, परतावा मागताना ती कामी येते.

मग सेटिंग्ज. मोशन ब्लर (हालचालीतला धूसरपणा), फिल्म ग्रेन (चित्रावरचे दाणे) आणि क्रोमॅटिक अॅबरेशन (कडांना फुटणारे रंग) ही तिन्ही बंद करा. चित्र धुरकट वाटण्याचं निम्मं कारण तिथेच असतं. फ्रेम जनरेशनही तपासणीपुरतं बंदच ठेवा. डीएलएसएस किंवा एफएसआर ही अपस्केलिंगची तंत्रं 'क्वालिटी'वर ठेवा, कारण बरेच गेम ती गुपचूप 'परफॉर्मन्स'वर टाकतात आणि वेग चांगला असल्याचा भास निर्माण करतात. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये 'इन गेम' विभागात परफॉर्मन्स मॉनिटर आहे, तो चालू करा. त्यात खऱ्या आणि रचलेल्या फ्रेम वेगवेगळ्या दिसतात.

अडखळणं ओळखण्याची पद्धत

तपासणीचा गाभा हाच, म्हणून इथे वेळ द्या. सरासरी फ्रेमचा आकडा फारसा उपयोगाचा नसतो. ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. मधेच एखादी फ्रेम ८० मिलिसेकंदांवर गेली तर सरासरी जेमतेम हलते, पण डोळ्याला हिसका बसतो.

हिसका बसला की त्याच वाटेने मागे जा आणि पुन्हा तीच वाट चाला. दुसऱ्यांदा हिसका बसला नाही तर दोष शेडरचा. खेळत गेल्यावर तो कमी होतो आणि पॅचने सुटण्याची आशाही असते. दर खेपेला त्याच जागी बसला, तर नकाशाचा पुढचा भाग डिस्कवरून चढवताना इंजिनाची दमछाक होते आहे. हा दोष महागडं कार्ड घेऊनही जात नाही आणि कित्येक गेममध्ये शेवटपर्यंत तसाच राहतो. असा गेम परत करावा, हे आमचं ठाम मत. तिसरी शक्यता कार्डाची मेमरी भरल्याची. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डेडिकेटेड जीपीयू मेमरी काठोकाठ भरलेली दिसली, तर टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं, एक पायरी खाली आणा आणि गेम बंद करून पुन्हा उघडा. ८ जीबीच्या कार्डावर हे वारंवार करावं लागतं.

ही चाचणी सुरुवातीच्या बोळात किंवा गुहेत करून भागत नाही. तिथे यंत्रावर भारच नसतो. प्रसंग वगळत पहिलं मोठं गाव गाठा. 'ड्रॅगन्स डॉग्मा २' मार्च २०२४ मध्ये आला, तेव्हा रानात बरा चालणारा गेम शहरात शिरताच कोसळायचा, कारण गर्दीतल्या प्रत्येक पात्राचा हिशेब प्रोसेसरवर पडत होता. अशा ठिकाणी ग्राफिक्स कमी केल्याने फरक पडत नाही. रिझोल्यूशन उतरवूनही फ्रेम वाढल्या नाहीत, तर अडचण प्रोसेसरची आहे असं समजा.

दुसऱ्या तासात

एकट्याने खेळायचा गेम असेल तर स्टीम 'गो ऑफलाइन' करा, इंटरनेट तोडा आणि गेम पुन्हा उघडा. उघडला नाही तर तो कंपनीच्या सर्व्हरच्या मर्जीवर जगणार. युबिसॉफ्टने २०१४ च्या 'द क्रू'चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि पैसे मोजलेल्यांना एकट्यानेही तो खेळता येईना. त्यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' तर ऑगस्ट २०२४ मध्ये येऊन दोन आठवड्यांत बंद पडला, पण तिथे निदान पैसे परत दिले गेले.

मग गेममधलं दुकान उघडून हिशेब करा. समजा, पोशाख ८०० नाण्यांचा आणि नाणी ५०० किंवा १००० च्या गठ्ठ्यात. म्हणजे २०० नाणी तुमच्याकडे अडकून पडणार. ती उरावीत म्हणूनच गठ्ठे असे बांधतात. पोशाखाची खरी किंमत म्हणून पूर्ण १००० चा गठ्ठा धरा आणि मग ठरवा.

परत करताना

१०० व्या मिनिटाला निर्णय घ्या आणि गेम बंद करा. मेनूवर उघडा सोडून जेवायला गेलात तरी वेळ मोजला जातो. स्टीमच्या मदत विभागात 'पर्चेसेस'मधून तो गेम निवडा, परतावा मागा आणि पैसे वॉलेटमध्ये हवेत की मूळ मार्गाने हे सांगा. मंजुरीनंतर साधारण आठवडाभरात ते जमा होतात. बाहेरच्या दुकानातून घेतलेल्या कीला (स्टीमवर गेम सुरू करणाऱ्या कोडला) हा नियम लागू नाही.

एपिक आणि जीओजी ही पीसी गेमची दुसरी ऑनलाइन दुकानं. एपिकचा नियमही १४ दिवस आणि दोन तासांचाच आहे. जीओजीवर खेळून झालं असलं तरी ३० दिवस मिळतात. प्लेस्टेशनवर डाउनलोड सुरू केलंत की हक्क जवळपास संपतो, म्हणून तिथे महिनाभर थांबूनच घ्या.

दोन तास थोडे उलटले असले तरी अर्ज जरूर करा. अशा अर्जांचाही विचार करू, असं स्टीमच्या धोरणात लिहिलेलं आहे. कारणाच्या रकान्यात नुसतं 'खराब आहे' लिहू नका. कार्ड, ड्रायव्हर, शेडर तयार होण्यात गेलेली मिनिटं आणि नेमका हिसका कुठे बसतो, एवढं चार ओळींत मांडा.