काचेच्या पेल्यावर गज कसा चालवायचा

अमेरिकन संगीतकार जॉर्ज क्रम्बची दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशा चौघांसाठीची रचना ‘ब्लॅक एंजल्स’ (१९७०) वाजवायला घेतलीत, की आधी पेल्यांची खरेदी करा. तिच्या ‘गॉड-म्युझिक’ या भागात चेलो गातो आणि बाकीचे तिघं क्रिस्टलच्या पेल्यांवर गज ओढतात. दांडीचे, पातळ कडेचेच पेले घ्या. दुकानात टिचकी मारून बघायला लाजू नका, दुकानदार बघेल तर बघू दे.

पाणी घातलं की सूर उतरतो. पण जास्त पाण्याने आवाज बोथट होतो. म्हणून मुळातच हव्या सुराच्या जवळचा, किंचित चढा पेला निवडा आणि पाण्याने फक्त शेवटची बारीक जुळणी करा. कडेवर तेलकटपणा नको. साबणाने धुवा, मग तिथे बोट लावू नका. तळ फळीला पक्का चिकटवा. जुन्या गजाला भरपूर राळ लावा, तो उभा धरून कडेला हलकेच टेकवा आणि सावकाश ओढा. दाबलंत तर नुसतं किंचाळतं. नाद उमटायला क्षणभर लागतो, त्यामुळे जरा आधी सुरुवात करा.

याच रचनेत अंगुस्तानं (शिवणकामात बोटावर घालतात त्या टोप्या) घालून तारांवर वाजवायचं असतं, ते त्यामानाने सोपं. ‘पवाना लॅक्रिमे’ हा भाग मात्र डोकं फिरवतो: वाद्य व्हायोलसारखं (हे जुनं गजाचं वाद्य) उभं धरायचं आणि गज डाव्या हाताच्या पलीकडे, खुंट्यांच्या बाजूला चालवायचा. तिथे बोट ब्रिजकडे (तारा ज्यावर टेकतात त्या घोडीकडे) सरकवलं की सूर खाली जातो! हा भाग अगदी संथ, एकेक सूर ऐकत बसवा.