संत गोन्सालो गार्सिया वर्गात शिकवताना: सुरुवात दुभाष्यापासून करावी

वसईत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांच्यावरचा पाठ बहुतेक वेळा शेवटाकडून, म्हणजे जपानमधल्या नागासाकीच्या टेकडीवरच्या क्रूसापासून सुरू होतो आणि तिथेच फसतो. मीही पहिल्यांदा तो तसाच घेतला होता. देहदंडाआधी कैद्यांचे कान कापल्याचा उल्लेख झाला आणि पाचवीच्या मुलांना त्यापुढचे काही ऐकूच गेले नाही. कोणता कान, किती कापला, रक्त किती आले, हेच प्रश्न घंटा होईपर्यंत चालू राहिले. पुढच्या वर्षी मी क्रम बदलला आणि गोन्सालो यांची ओळख आधी दुभाषी म्हणून करून दिली. तेव्हापासून हा पाठ याच वाटेने घ्यावा असे माझे मत झाले आहे.

आधी शिक्षकाने चरित्राचा सांगाडा पक्का करून घ्यावा. जन्म १५५६ किंवा १५५७ सालचा. वडील पोर्तुगीज, आई वसईची. वसईच्या किल्ल्यातील येशूसंघीयांच्या (जेझुइटांच्या) शाळेत शिक्षण झाल्यावर, साधारण पंधराव्या वर्षी, १५७२ मध्ये ते त्या संघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली आणि काही वर्षे धर्मशिक्षणाच्या कामात मदत केली. मात्र संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा पूर्ण झाली नाही. मग त्यांनी व्यापार केला, आणि पुढे फिलिपिन्समधील मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून व्रतस्थ झाले. ते धर्मगुरू नव्हते. त्यांना ‘फादर’ म्हणण्याची चूक मोठी माणसेही करतात, ती फळ्यावरच दुरुस्त करावी. नकार मिळाल्याचा भाग कोणी गाळू नये, कारण नववीतल्या मुलाला या चरित्रात स्वतःचे असे काही सापडले तर ते नेमके तिथेच सापडते.

पहिल्या तासाला नकाशा भिंतीवर लावून वसई, मकाव (चीनच्या किनाऱ्यावरचे पोर्तुगीज बंदर), मनिला, क्योटो आणि नागासाकी ही ठिकाणे दोऱ्याने जोडावीत. त्यानंतर तीन विद्यार्थ्यांना पुढे बोलवावे. पहिल्याने आपल्या घरच्या बोलीत, मग ती कादोडी असो, आगरी असो वा अहिराणी, काही सांगावे. दुसऱ्याने फक्त प्रमाण मराठी समजते असे धरून चालावे. आणि तिसऱ्याने मध्ये उभे राहून दोघांचे बोलणे एकमेकांपर्यंत पोहोचवावे. हे जमू लागले की प्रसंग अवघड करावा. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने स्पॅनिश अमलाखालील फिलिपिन्सकडे शरणागतीची मागणी केली होती, आणि १५९३ मध्ये मनिलाहून फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता यांच्या नेतृत्वाखाली जे शिष्टमंडळ त्याच्याकडे गेले, त्यात गोन्सालो दुभाषी होते. ‘आम्हाला मैत्री हवी आहे, पण तुमचे मांडलिकत्व मान्य नाही’ असे एक वाक्य आपण रचावे, ते आपलेच आहे हे मुलांना स्पष्ट सांगावे, आणि मधल्या विद्यार्थ्याला ते राजासमोर पोहोचवायला लावावे. तो अडखळतो, शब्द मऊ करतो, कधी अर्धे वाक्य गिळून टाकतो. दुभाष्याच्या कामातली जोखीम वर्गाला तिथे कळते, आणि त्यावर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

हिदेयोशीला खलनायक करून सोडणे सोपे आहे, पण ते टाळावे. त्याने १५८७ मध्येच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला होता. पुढे काही वर्षे त्याची अंमलबजावणी सैल राहिली. १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले आणि त्यावरून उठलेल्या वादात, मिशनरी म्हणजे स्पेनच्या स्वारीची पहिली पावले आहेत, हा संशय बळावला. तो कुठून आला असेल, असे मुलांना विचारावे. खुद्द वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांकडे गेली होती आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली, हे महाराष्ट्रातल्या मुलांना माहीत असते; त्यामुळे सत्ता आणि धर्म एकाच गलबतातून येतात तेव्हा स्थानिक राज्यकर्ता काय विचार करतो, हे त्यांना लवकर उमगते. संशय समजून घेणे म्हणजे शिक्षेचे समर्थन करणे नव्हे, एवढे मात्र ठामपणे सांगावे.

मृत्यूचा भाग वयानुसार सांगावा. लहान वर्गांना इतके पुरे की ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर हिदेयोशीच्या हुकुमाने गोन्सालो यांच्यासह सव्वीस जणांना श्रद्धेपायी देहदंड देण्यात आला. आठवीच्या पुढे क्योटोपासूनची कडाक्याच्या थंडीतली पायपीट, क्रूस आणि भाले यांचा उल्लेख करता येतो, पण वर्णन लांबवू नये. त्या सव्विसांत वीस जण जपानी होते आणि सर्वांत लहान असलेला लुई इबाराकी बारा वर्षांचा होता, हे अवश्य सांगावे. नाहीतर ही केवळ परदेशी पाहुण्यांची कथा वाटते.

इथे एका शब्दापाशी थांबावे. मुलांना ‘हुतात्मा’ ठाऊक असतो; मराठी ख्रिस्ती समाजात मात्र ‘रक्तसाक्षी’ असा शब्द आहे. पहिल्या शब्दात आहुती आहे, तर दुसऱ्यात साक्ष. जो आयुष्यभर दुसऱ्यांचे बोलणे पोहोचवत आला, त्याने अखेरीस स्वतःची साक्ष दिली, हे दहावीतली एखादी मुलगी आपणहून बोलून दाखवते, म्हणून शिक्षकाने ते आधी सांगून टाकू नये.

संतपद हा पुरस्कार नसतो, हेही समजवावे लागते. १६२७ मध्ये गोन्सालो यांना ‘धन्य’ (संतपदाआधीची पायरी) घोषित करण्यात आले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सव्विसांना संत घोषित केले. मृत्यूपासून संतपदापर्यंतची २६५ वर्षे मुलांनाच वजाबाकी करून काढू द्यावीत. मिश्र वर्गात ‘ख्रिस्तसभा असे मानते’ आणि ‘इतिहासात अशी नोंद आहे’ ही दोन वाक्ये वेगळी ठेवावीत. संविधानाच्या कलम २८ नुसार सरकारी निधीतून पूर्णतः चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, म्हणून तिथे हा पाठ इतिहासाच्या तासालाच घ्यावा आणि त्यात प्रार्थना मिसळू नये.

शक्य असल्यास वसईच्या किल्ल्यात सहल न्यावी. येशूसंघीयांच्या चर्चची दर्शनी भिंत अजून उभी आहे. फ्रान्सिस्कनांच्या पडक्या चर्चमध्ये पायाखाली पोर्तुगीज मजकुराच्या समाधीशिला आहेत, त्यांवर उड्या मारू नयेत, हे आत शिरण्यापूर्वीच बजावावे. सहल जानेवारीच्या अखेरीस ठेवली तर ऊन सोसण्याजोगे असते आणि ५ फेब्रुवारीपर्यंत निबंध तपासून होतात. निबंधाचा विषय मी एकच देतो: शिष्टमंडळ दरबारातून परतले त्या रात्री दुभाष्याने लिहिलेले, वसईला आईच्या नावे पत्र.