जुना इंकजेट प्रिंटर दुरुस्त करावा की काढून टाकावा?

दुकानात प्रिंटर नेला की बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: "यात पैसे घालू नका, नवीन घ्या." कधीकधी तो बरोबरही असतो. पण बिघाड नेमका कुठे आहे हे घरीच कळलं, तर निर्णय आपल्या हातात राहतो.

१. दोष प्रिंटरचा की कॉम्प्युटरचा?

ऑल-इन-वन (छपाई, कॉपी आणि स्कॅन एकाच यंत्रात) असेल तर यूएसबी केबल काढा, काचेवर एखादा छापील कागद ठेवा आणि कॉपीचं बटण दाबा. झेरॉक्स स्वच्छ आली तर प्रिंटर ठणठणीत आहे. घोळ ड्रायव्हरचा (प्रिंटर चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअरचा), केबलचा किंवा वाय-फायचा असणार. घरचा राउटर बदलल्यावर "प्रिंटर गेला" म्हणणारे पुष्कळ असतात.

२. नोझल चेक घ्या

छपाई फिकी येते, पट्टे पडतात किंवा एखादा रंगच गायब होतो, तेव्हा प्रिंटरच्या सेटिंगमधून नोझल चेकचं, म्हणजे शाईची छिद्रं तपासणारं पान काढा. त्यातल्या रेषा तुटक दिसल्या तर बहुधा हेडच्या, म्हणजे कागदावर शाई फवारणाऱ्या भागाच्या, छिद्रांत शाई वाळली आहे. मग त्याच सेटिंगमधून हेड क्लीनिंग करा, पण दोन-तीनदाच. पुन्हापुन्हा क्लीनिंग मारत बसणं ही सर्वांत महागडी चूक. प्रत्येक वेळी टाकीतली शाई खर्च होते आणि ती वाया जाणारी शाई शोषणाऱ्या आतल्या पॅडमध्ये जाऊन मुरते. तीन प्रयत्नांत फरक पडला नाही तर प्रिंटर बारा तास तसाच ठेवा आणि पुन्हा तपासा. वाळलेली शाई एवढ्या वेळात बऱ्याचदा मऊ पडते.

हेड तुंबण्यामागे आपल्याकडची एक सवयही असते. प्रिंटर त्याच्या बटणाने बंद केला की हेड कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं, त्यामुळे शाई वाळत नाही. आपण मात्र थेट भिंतीवरचं बटण बंद करतो. छपाई चालू असताना किंवा नुकती संपताच असं केलं, तर हेड उघडंच राहतं. त्यात मे महिन्याचं ऊन असेल तर विचारूच नका. आधी प्रिंटर बंद करा, दिवे विझू द्या, मग भिंतीवरचं बटण.

३. तुमच्या प्रिंटरचं हेड कुठे आहे?

खरा निर्णय इथेच होतो. एचपी डेस्कजेट आणि कॅननच्या छोट्या पिक्स्मांमध्ये बहुधा कार्ट्रिजवरच हेड असतं. कार्ट्रिजला तांबूस रंगाची चकचकीत पट्टी दिसली तर तुमचा प्रिंटर त्यातला. कार्ट्रिज बदललं की हेडही नवं. शक्य असेल तर ओळखीच्यांकडचं त्याच नंबरचं कार्ट्रिज लावून पाहा.

बाटलीतून शाई भरायच्या टाकीवाल्या प्रिंटरांपैकी कॅननच्या जी सिरीजमध्ये आणि एचपीच्या इंक टँकमध्ये हेड वेगळं असतं, पण ते काढता येतं आणि सुटं विकत मिळतं. टाकीवाल्याच एप्सनच्या एल सिरीजचं हेड मात्र प्रिंटरमध्येच बसवलेलं असतं. ते बदलणं कारागिराचं काम, आणि खर्च ऐकून बऱ्याचदा हात आखडतो.

४. स्वस्तात सुटणारे बिघाड

कागद ओढत नसेल तर बहुधा पिकअप रोलर (कागद आत ओढणारा रबरी रूळ) धुळीने गुळगुळीत झालेला असतो. प्लग काढून किंचित ओल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने तो पुसा. खडखड आवाज येत असेल तर टॉर्च लावून आत बघा. पेन्सिलीचं टोक, क्लिप, झुरळ, काहीही निघतं. हेडच्या मागे आडवी पारदर्शक पट्टी असते. तिच्यावर शाई लागली तर हेड आपलं स्थान चुकतं आणि कडेला आपटतं. ती हलक्या हाताने पुसा, ओढू नका.

स्क्रीनवर इंक पॅडचा इशारा आहे किंवा कॅननवर ५बी०० दिसतंय, तर वाया जाणाऱ्या शाईचं पॅड भरलं आहे. प्रिंटर मेलेला नाही. दुरुस्तीवाला "रिसेट मारून" देतो. पॅड बदललं का, हे त्याला नक्की विचारा. वाया शाईच्या मोजणीचा नुसता आकडा शून्यावर आणला तर पुढे शाई टेबलावर उतरते. कॅनन जी३०२० सारख्या मॉडेलमध्ये यासाठी मेंटेनन्स कार्ट्रिज, म्हणजे वाया शाई साठवणारी सुटी डबी असते, ती आपल्यालाच बदलता येतं.

प्रिंटर चालूच होत नसेल तर आधी वायर आणि सॉकेट बदलून बघा. लॉजिक बोर्ड (आतलं मुख्य सर्किट) गेला असेल तर जुन्या प्रिंटरसाठी मी तरी पैसे घालणार नाही.

५. हिशेब

एप्सनच्या ००३ नंबरच्या ६५ मिलीच्या काळ्या बाटलीतून ४५०० पानं निघतात असं कंपनी सांगते. छोटं कार्ट्रिज साधारण दोनेकशे पानांत संपतं. म्हणून टाकीवाल्या प्रिंटरसाठी त्याच दर्जाच्या नव्याच्या एक तृतीयांशापर्यंत खर्च मला पटतो. कार्ट्रिजवाल्यात कार्ट्रिजपलीकडे एक रुपयाही नको.

महिन्याला चार-पाच पानंच काढत असाल तर कुठलाही इंकजेट तुम्हाला त्रासच देणार. कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान परवडतं. घरीच हवा असेल तर काळा-पांढरा लेझर बघा. टोनर ही पूड असते, ती वाळत नाही.

६. काढून टाकायचंच ठरलं तर

आधी फक्त स्कॅनर चालतो का ते बघा, बऱ्याचदा चालतो. देऊन टाकण्यापूर्वी मेमरी कार्ड काढा आणि फॅक्टरी रिसेट करा, म्हणजे वाय-फायचा पासवर्ड पुसला जाईल. टाकीची झाकणं घट्ट लावून चिकटपट्टी मारा आणि प्रिंटर आडवा करू नका. उरलेली शाई बेसिनमध्ये ओतू नका.

भंगारवाला मोटर आणि लोखंड काढून घेतो, बाकीचं प्लॅस्टिक कुठे जातं ते कोणी विचारत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटर आणि कार्ट्रिज दोन्ही येतात, आणि विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर आहे. त्यामुळे कंपनीच्या हेल्पलाइनवर जवळचं संकलन केंद्र विचारा. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेकडेही ई-कचरा देता येतो. यूएसबी केबल मात्र काढून ठेवा, नव्या प्रिंटरच्या खोक्यात ती अनेकदा नसते.